तिसावा

‘मी अमुक काम करतो’ असं तो कधीच म्हणायचा नाही. कुणी विचारलं की सांगायचा, “सध्या प्लंबिंग चालू हाय.” काही महिन्यांनी तोच विचारणारा, तोच प्रश्न, आणि उत्तर, “सध्या मोबाइल रिपेरिंग.” मग शिवणकाम, मग कॉम्प्युटर, मग सौरदिवे, आणि मध्येच एकदा चक्क ब्यूटी पार्लर. विचारणाऱ्याला वाटायचं, पोरगा उद्योगी आहे, काय काय करतो. मला विचाराल तर तो काहीच करत नव्हता. तो बसत होता.

सीताबर्डीच्या एका मागच्या गल्लीत तिसऱ्या मजल्यावर आमचं प्रशिक्षण केंद्र होतं. सरकारी पैशातून तरुणांना फुकट कोर्स, वर येण्याजाण्यापुरता भत्ता. नियम मात्र कडक होता. तीस जण भरले तरच बॅच सुरू व्हायची. एकोणतीस असले तर त्या एकोणतीस जणांनी गुमान घरी जायचं. अशा वेळी केंद्राचे सर एक फोन लावायचे आणि हा माणूस जिना चढून येऊन तीसचा आकडा भरायचा. त्याला आईबापांनी ठेवलेलं चांगलं नाव होतं, पण ते हजेरीच्या मशीनलाच ठाऊक. आम्ही सगळे त्याला तिसावा म्हणायचो. तोंडावर म्हणायचो, आणि तो ओ द्यायचा.

मी त्याला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझी मुलगी मैत्री माझ्या कडेवर होती आणि मी रडायच्या बेतात होते. बारावी झाली, लग्न झालं, वर्षाच्या आत मुलगी झाली, आणि उत्तर नागपुरातल्या दोन खोल्यांत माझा दिवस सुरू होऊन तिथंच संपू लागला. नवरा ऑटो चालवायचा. सासूबाई वाईट नव्हत्या, पण सुनेनं बाहेर कशाला जायचं हे त्यांना कळत नव्हतं, आणि घरात राहून माझं काय होत होतं हे मला सांगता येत नव्हतं. वायरिंगच्या कोर्सला बायकांच्या जागा रिकाम्या आहेत असं नवऱ्याच्या मित्राकडून कळलं. सासूबाईंनी कुठल्याशा चांगल्या घडीला हो म्हटलं. ते हो त्या परत घ्यायच्या आत मला कोर्सला बसायचं होतं.

आणि सर म्हणाले, “एक कमी आहे. संध्याकाळपर्यंत कुणी आलं नाही तर बॅच रद्द.”

आम्ही एकोणतीस जण त्या हॉलमध्ये दाराकडे बघत बसून राहिलो. माझ्या शेजारी मौद्याकडून आलेली एक मुलगी होती, ती सारखी घड्याळ बघत होती, कारण तिची शेवटची बस जाणार होती. मग जिन्यावर चपला वाजल्या आणि तिसावा आत आला. रस्त्यावरच्या ठेल्यावर तो मोबाइलची कव्हरं विकायचा, त्यातली एक माळ अजून त्याच्या खांद्यावर होती. अंगानं किरकोळ, केस कपाळावर आलेले, वय तिशी ओलांडलेलं. दारात थांबून त्यानं आमच्या सगळ्यांचे चेहरे एकदा पाहून घेतले.

“सर, वायरिंग तं मी पहिलेच केलं हाय ना,” तो म्हणाला.

“कोर्सचं नाव बदललंय आता. मशीन घेते.”

“आन् ते असिस्टंटचं? मागच्या बॅचले म्हनलं होतं तुमी, इथीच लावून देतो म्हनून.”

“या बॅचनंतर नक्की.”

त्यानं खांद्यावरची माळ मागं सारली. अंगठा डोक्यावर केसांत घासला, म्हणजे त्याला जरा तेल लागतं आणि मशीन नीट वाचतं, आणि तो काचेवर टेकवला. मशीन वाजलं. मागून कुणीतरी टाळ्या वाजवल्या. मौद्याची मुलगी बस पकडायला धावत सुटली, आणि मी तिथल्या तिथं ठरवलं की हा माणूस साधा आहे, किंवा मूर्ख आहे, किंवा दोन्ही. पुढं त्याला चांगलं ओळखल्यावरही माझं मत फारसं बदललं नाही, फक्त त्यात माया मिसळली.

तो पारशिवनीकडच्या एका गावचा. घरी थोडी शेती, ती थोरला भाऊ आणि वडील करायचे, तिसऱ्या माणसाला तिथं काम नव्हतं. म्हणून हा बारावीनंतर नागपूरला आला, पहिला कोर्स अगदी मन लावून केला, आणि नोकरी लागली नाही. दुसरा केला, नोकरी लागली नाही. तिसऱ्यापासून तो सरांच्या शब्दावर बसू लागला. सरकारच्या बऱ्याच योजनांना पस्तिशीची अट असते. त्याआधी कुठं तरी कायमचं चिकटायचं, एवढंच त्याचं म्हणणं होतं. “पस्तीस लागले का आपुन युवक नाई राहत, नुस्ते मानूस राहतो,” असं तो हसत सांगायचा. पण पस्तिशीचा विषय निघाला की हातातला वडापाव खाली ठेवायचा, हे मी पाहिलेलं आहे.

त्या हॉलला तीन खिडक्या होत्या आणि तिन्हींवर बाहेरून फ्लेक्स लावलेले होते. रस्त्यावरून बघणाऱ्याला हेल्मेट घातलेला हसरा तरुण दिसायचा. आत आम्हाला त्याची उलटी सावली दिसायची, आणि वारा अजिबात यायचा नाही. एप्रिल-मे महिन्यात आम्ही तीस जणांनी तिथं कसे दिवस काढले हे आमचं आम्हाला माहीत. कूलर होता, पण त्याला पाणी तिसऱ्या मजल्यावर चढवावं लागायचं. तिसावा मागच्या बाकावर बसायचा आणि ज्या कुणाला घेरी येईल त्याला स्वतःची दाराजवळची जागा द्यायचा. त्याला विचारलं, तुला गुदमरत नाही का, तर म्हणाला, “सवय झाली वं. पहिल्या कोर्सले लय गुदमरे.”

प्रॅक्टिकलला हत्यारांचे संच कमी आणि माणसं जास्त. तिसावा कधी पक्कड हातात घ्यायचा नाही. “मले येते, तुमी करा,” म्हणायचा. खरं सांगायचं तर त्याला धड येत नव्हतं. प्रत्येक कोर्समध्ये त्यानं आपली पाळी दुसऱ्याला दिलेली, त्यामुळं त्याला सगळंच अर्धं अर्धं यायचं. नळ बसवायचा, पण थोडा गळायचा. ब्लाउज शिवायचा, पण एक बाही वर जायची. अपवाद फक्त भुवयांचा. पार्लरच्या बॅचमध्ये तो एकटा पुरुष, मुली हसून हसून बेजार, आणि सरावाला कपाळ द्यायला कुणी तयार नव्हतं म्हणून शिकवणाऱ्या बाईंनी स्वतःचं दिलं. दोरा दातांत धरून त्यानं त्यांच्या भुवया अशा कोरल्या की बाई पुढं दर पंधरवड्याला त्यालाच हाक मारायच्या. आम्ही चिडवलं की लाजायचा, पण दोरा खिशात ठेवायचा.

मैत्रीचा प्रश्न दुसऱ्याच आठवड्यात आला. सासूबाईंचे गुडघे दुखू लागले आणि त्यांनी पोर सांभाळायला साफ नकार दिला. मी तिला घेऊन केंद्रावर आले. सर म्हणाले, लेकरांना परवानगी नाही, इथं विजेच्या तारा असतात. त्यांचं चुकत नव्हतं. मी पिशवी उचलली आणि निघाले. दारात तिसाव्यानं हात पुढं केले.

“आन इकडं. माह्या अंगठ्याची गरज हाय इथी, डोक्याची थोडीच हाय. मी बसतो हिले घेऊन बाहेर.”

सरांना तो बॅचमध्ये हवा होता, आणि जिन्याजवळचा व्हरांडा बॅचमध्येच धरावा असं त्यांनी डोळे मिटून ठरवलं. दोन दिवसांनी मौद्याची मुलगी आपल्या वहिनीला शिवणाच्या बॅचला घेऊन आली, तिच्याही कडेवर मूल. मग आणखी एक आली. बघता बघता आमच्या केंद्राची रीतच पडली की आधी अंगठा लावायचा, मग मूल तिसाव्याकडं द्यायचं, मग वर्गात जायचं. आत आम्ही फेज आणि न्यूट्रल शिकायचो आणि बाहेरून त्याचा आवाज यायचा, “अवं, ते तोंडात नको घालू, ते सरकारी हाय.”

एकदा वरचे साहेब पाहणीला आले. आम्हाला नीट ओळीत बसवलं, कूलरमध्ये पाणी भरलं. साहेब बोलायला चांगले होते. म्हणाले, “आपला देश तरुण आहे. काम करणारे हात जास्त आणि त्यांच्यावर अवलंबून असणारे कमी, अशी वेळ देशाच्या आयुष्यात एकदाच येते. पुढं आपण म्हातारे होणार आहोत. तोवर या हातांना काम मिळालं तर देश वर येतो. याला लोकसंख्येचा लाभांश म्हणतात. सरकार तुमच्यावर खर्च करतं ते यासाठी.”

दारातून हात वर झाला. एकच झाला, कारण दुसऱ्यावर मैत्री होती. “साहेब, लाभांश तं ज्याच्यापाशी शेअर हायेत त्याले भेटते ना? आमचे शेअर कोठी ठेवले हायेत?”

हॉल हसला. सरांचा चेहरा उतरला. साहेबांनी मात्र मनाला लावून घेतलं नाही. ते म्हणाले, “तुम्हीच शेअर आहात.”

“मंग आमाले कोनी घेऊन काहून नाई राहिलं?”

साहेबांनी चष्मा काढला आणि सरळ विचारलं, “काय केलं तर घेतील? तुम्ही सांगा.”

आपल्याला कुणी असं विचारेल अशी तिसाव्याला अपेक्षाच नसावी. तो मैत्रीला या हातावरून त्या हातावर घेत राहिला. मग बोलला, आणि एकदा सुरू झाल्यावर थांबला नाही. “सरकार पैसे देत नाई, असं मी नाई म्हनत. देते. पन सारे बॅचवर देते. बॅचपर्यंत पोट्टी येनार कशी? आमच्या पारशिवनीकडची सकायची बस अर्ध्या रस्त्यातच भरून जाते. आली बिचारी उभ्यानं, तं लेकरू कोनापाशी ठेवनार? माह्यासारखा रिकामा मानूस हरेक बॅचमध्ये नाई राहत. आन् शिकली, तं कामावर घेनार कोन? कारखान्यातला म्हनते, नव्या मानसाचा हात साफ नाई, साल जाते हात बसाले. मंग त्या सालाचा अर्धा पगार सरकारनं द्या ना. पाहा मंग कसा घेत नाई. लेकरासाठी एक खोली, एक बस, आन् अर्धा पगार. फ्लेक्स कमी लावा वाटल्यास.”

साहेबांनी वही काढून लिहून घेतलं. ते गेल्यावर सर तिसाव्यावर एवढे ओरडले की पोरं जागी झाली. पण मी सांगते, साहेबांनी ते उगीच लिहून घेतलं नव्हतं. त्यांच्यामुळं असेल किंवा आणखी कुणाच्या सांगण्यावरून असेल, वर्षभरात अर्ध्या पगाराची योजना खरंच आली. शहराबाहेर विजेचे पॅनेल बनवणारा एक कारखाना नवी माणसं घेणार होता. वर्षभर तिथंच शिकायचं, अर्धा पगार सरकार देणार, आणि काम जमलं तर कायम.

तेव्हा तिसाव्याची चौतिशी चालू होती. आम्ही बायकांनी ठरवलं की या वेळी त्याला बसू द्यायचं नाही, उभं करायचं. कोर्स संपला होता तरी सरांच्या हातापाया पडून हॉलची किल्ली घेतली. आम्ही पोरं सांभाळली आणि त्याच्या हातात पक्कड दिली. मी त्याला शिकवलं. त्याच्याच जागी बसून, त्याच्याच पाळीत मी जे शिकले होते, ते त्याला शिकवताना मला फार बरं वाटलं. पकडीतून तार निसटायची त्याची. आपल्यासाठी काही करायचं म्हटलं की असंच व्हायचं, भुवया करताना मात्र नाही. कारखान्याच्या परीक्षेत मी पास झाले, मौद्याची मुलगी झाली, आणि तिसावा अगदी काठावर, पण पास झाला. त्या दिवशी त्यानं आम्हाला सगळ्यांना तर्री-पोहे खिलवले आणि गावी फोन लावून आईला सांगितलं, “आता सांग त्या लोकाइले, पोरगा कंपनीत हाय म्हनून.” त्याच्यासाठी एक मुलगी बघून ठेवलेली होती, आणि तिच्याकडचे लोक केव्हापासून नुसतं ‘कळवतो’ म्हणत होते.

कागदपत्रांची तपासणी झाली त्या दिवशी मी त्याच्या मागंच उभी होते. त्यानं अंगठा केसांत घासला, टेकवला. मशीन वाजलं. संगणकावरच्या मुलीनं पडदा बघितला, खाली सरकवला, आणखी खाली सरकवला. त्याचे सगळे कोर्स तिथं एकाखाली एक होते. सरकारी खर्चानं एकापेक्षा जास्त वेळा प्रशिक्षण घेतलेल्याला ही योजना लागू नव्हती. नव्या मुलांना संधी मिळावी, त्याच त्याच लोकांनी लाभ घेऊ नये, म्हणून केलेला नियम. वाईट नियम नव्हता. हीच तर पंचाईत होती, कुणाशी भांडावं तेच कळेना.

“तुम्हाला तर इतक्या वेळा संधी दिलीय,” ती मुलगी म्हणाली. ती चांगल्या मनानंच म्हणाली.

“हो,” तिसावा म्हणाला. “दिली तं हाय.”

जिना उतरताना तो मला म्हणाला, “सरकारनं माह्यावर इतका खर्च केला प्रज्ञा, का आता माह्यासाठी काईच उरलं नाई.” आणि हसला. मला त्याच्या त्या हसण्याचा इतका संताप आला की मी त्याच्याशी दिवसभर बोलले नाही. सरांना जाब विचारायला मी एकटीच गेले, तर सर स्वतःच खोक्यात सामान भरत होते. केंद्राचा करार संपला होता, आणि त्यांचीही नोकरी त्याच्याबरोबर गेली होती. असिस्टंटची जागा म्हणाल तर ती कधी नव्हतीच. माणूस वाईट नव्हता तोही, बॅच भरायच्या दडपणाखाली तोंडाला येईल ते बोलत गेला.

आता माझी अडचण अशी झाली की मला नोकरी होती आणि मैत्रीला ठेवायला जागा नव्हती. कंपनीची बस सीताबर्डीहून सकाळी लवकर सुटायची. मौद्याची मुलगी तोवर लग्न होऊन आमच्याच वस्तीत आली होती, तिच्या जावेचं तेच, आणखी दोघींचं तेच. नवरा म्हणाला, जमत नसेल तर सोड. तो सहज म्हणाला, पण त्या शब्दाबरोबर त्या दोन खोल्या पुन्हा माझ्या अंगावर आल्या. तेव्हा तिसावा आमच्या वस्तीत आला, एका म्हाताऱ्या घरमालकिणीची पुढची खोली भाड्यानं घेतली आणि दारावर काहीही न लिहिता पाळणाघर सुरू केलं. “मी रिकामाच हाय,” म्हणाला. “आन् मले हेच एक पुरं येते.”

लोकांनी नावं ठेवायची ती ठेवलीच. गडी माणूस आणि लेकरं सांभाळतो! माझ्या सासूबाई दोन दिवस घरमालकिणीच्या ओट्यावर पाळत ठेवून बसल्या. तिसऱ्या दिवशी त्या स्वतःच्या भुवया करून घरी आल्या, आणि विषय मिटला. त्या खोलीला एकच खिडकी होती, तीही शेजारच्या भिंतीकडं उघडणारी. पण तिथं पहिल्यांदाच त्याचे सगळे कोर्स एका जागी कामाला आले. नळ तो दुरुस्त करायचा, पोरांची फाटकी झबली शिवायचा, केस कापायचा, बिघडलेली खेळणी चालू करायचा. सगळं अर्धंमुर्धं, पण लेकरांना तेवढं पुरायचं. मुलीकडचे लोक एकदाचे त्याला बघायला आले तेव्हा दोन पोरं त्याच्या पायांना धरून उभी होती. पोरगा काय करतो, असं त्यांनी विचारलं. “सध्या पोट्टे सांभाळून राहिलो,” त्यानं सांगितलं. त्यांनी चहा घेतला आणि पुन्हा कळवलं नाही. पस्तिशी त्याच महिन्यात कधीतरी लागली. त्यानं ती आम्हाला सांगितलीसुद्धा नाही.

माझं कारखान्यात बस्तान बसलं. मौद्याच्या मुलीला मुलगा झाला, तोही त्याच खोलीत येऊ लागला. वर्ष संपलं, सरकारचा अर्धा पगार थांबला, आणि मालकानं मला काढलं नाही, पुरा पगार दिला. तिसाव्यानं त्या साहेबांपुढं सांगितलं होतं तसंच झालं होतं, हात बसला होता. सासूबाई आता शेजारणीला सांगतात, आमची सून कंपनीत आहे. हे सगळं ज्या माणसाच्या मांडीवर उभं होतं तो त्या अंधाऱ्या खोलीत आमची पोरं झोपवत होता, आणि आम्ही सगळ्यांनी हे चालायचंच असं धरून घेतलं होतं.

मग वस्तीत सरकारी पाळणाघर आलं. समाजभवनाच्या बाजूला नवी इमारत, मोठ्या खिडक्या, झोपाळा, दुपारी दूध, आणि सगळं मोफत. तिसावा स्वतः बघून आला आणि लहान पोरासारखा सांगत सुटला, फरशी कशी आहे, पंखे किती आहेत. मी म्हटलं, “तुझ्या बोलण्यातलंच आहे ना हे भाऊ! आता तुलाच ठेवतील तिथं.” आणि मी त्याला बळंच कार्यालयात घेऊन गेले.

तिथल्या बाईंनी सगळं नीट ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, सेविकेची जागा आहे, ती बाईलाच मिळते, आणि वयही बसत नाही. मी आवाज चढवला. मी म्हटलं, या वस्तीतली पोरं या माणसानं मोठी केली. त्या म्हणाल्या, “असतील हो. पण पुरुषाच्या हवाली लहान मुली करा म्हणून तुम्ही मला लेखी द्याल का? दुसऱ्या कुणा अनोळखी पुरुषासाठी?” मी पिशवी उचलली. माझी मुलगी होती, मी दिलं नसतं.

घरी येऊन आम्ही बायकांनी ठरवलं की एकही पोर तिथं पाठवायचं नाही. पडू दे ती इमारत रिकामी. तिसाव्याला हे कळलं तेव्हा मी त्याला पहिल्यांदा चिडलेलं पाहिलं.

“काहून? माह्या पोटासाठी पोट्ट्याइले अंधारात ठेवता? तिथी हवा हाय, दूध हाय, शिकवाले बाई हाय. तुमचे पैसे वाचते. सरकारनं इतक्या दिवसानं एक काम बराबर केलं, आन् तुमी ते रिकामं पाडता? रिकामं राहिलं का बंद करते ते लोकं, मले नका सांगू, मी पाहून राहिलो इतके साल. जा गुपचाप.”

“आणि तू?” मी विचारलं.

“मी जातो गावाले. भाऊ म्हनून राहिला, ये म्हनून.”

भाऊ असं काही म्हणाला नव्हता हे मला माहीत होतं. तिथं तिसऱ्या माणसाला काम नव्हतं ते नव्हतंच.

पहिल्या दिवशी पोरं तोच घेऊन गेला, नेहमीसारखी, दोन कडेवर आणि बाकीची शर्टाला धरून. आम्ही सगळ्या जणी कामाच्या कपड्यांत मागं. दारात नवी सेविका होती, तरुण, पहिलीच नोकरी, घाबरलेली. पोरांना पोहोचवायला आणि न्यायला कोण येणार, ते तिला विचारायचं होतं. तिनं तिसाव्याला विचारलं, “तुम्ही यांचे कोण?”

तो अडखळला. मैत्रीकडं बघितलं, दुसऱ्या पोरांकडं बघितलं. “कोनी नाई,” तो म्हणाला. “मी आपला...”

“मामा,” मी म्हटलं. “मामा आहे तिचा.”

“आणि याचा?” सेविकेनं मौद्याच्या मुलीच्या मुलाकडं बोट केलं.

“त्याचाही मामाच,” मौद्याची मुलगी म्हणाली. “माहा भाऊ हाय तो.” मग तिची जाऊ तेच म्हणाली, मग बाकीच्या दोघी. त्या घाबरलेल्या पोरीनं आमच्या सगळ्यांकडं पाहिलं. आम्ही कुणी पारशिवनीच्या नव्हतो, आमच्या त्याच्या जातीचा, धर्माचा मेळ नव्हता, हे तिला आमच्या बोलण्यावरून आणि यादीतल्या नावांवरून कळलंच असेल. पण ती मान हलवून म्हणाली, “मामांना आत येता येणार नाही पण. पुरुषांना दारापर्यंतच.”

तिसाव्यानं पोरं एकेक करून उंबऱ्याच्या आत उतरवली. मैत्री त्याच्या गळ्याला पडली आणि सोडेना. त्यानं तिची बोटं सोडवली. “जा माय, झुला हाय तिथी,” म्हणाला. सेविकेनं तिला उचलून आत नेलं आणि दार लावून घेतलं. आतून तिचं रडणं ऐकू येत होतं. तो दारासमोर उभा होता, आणि त्याचे हात अजून तसेच, पोर घेतल्यासारखे, पुढं राहिले होते.

मला त्याच्याजवळ थांबायचं होतं. त्याला चहाला न्यायचं होतं, निदान त्याचा हात धरायचा होता. पण माझी सीताबर्डीची बस सुटायला आली होती. तोच मागं वळून माझ्यावर ओरडला, “उभी काहून राहिली वं? पळ!”

मी पळाले. त्या दिवशीही मी कामावर वेळेवर पोहोचले.